सातव्या आवृत्तीचे हात

कव्हरकाकांनी आयुष्यात एकच चित्र काढलं आणि तेच सहादा विकून खाल्लं, असं त्यांचे मित्र चहा पिताना म्हणायचे. काका यावर चिडत नसत. त्यात खोटं काय होतं? एक कीबोर्ड आणि त्यावर दोन हात. वर पुस्तकाचं नाव, खाली आवृत्तीचा आकडा. मागचा रंग एकदा निळा, एकदा हिरवा, एकदा विटकरी. हात मात्र दर वेळी तेच, आणि ते काकूंचे होते. चिडवण्याच्या भरात मित्रांना तेवढं आठवत नसे.

आता सातवी आवृत्ती निघायची होती. कागदावर छापली जाणारी ती शेवटचीच, पुढे सगळं पडद्यावर, असं धाकट्या मालकांनी सांगून टाकलं होतं. काकांनी घरी येऊन ही बातमी दिली तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "शेवटच्याला मी बसणार." काकांची नजर त्यांच्या हातांकडे गेली. काकूंच्या हातांची अवस्था तोवर अशी झाली होती की त्यांना कपाचा कानसुद्धा धरवत नव्हता.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगायला हवं. दुकानातल्या मालाचा हिशोब ठेवणारं एक सॉफ्टवेअर एका लहानशा कंपनीने काढलं. लहानशी म्हणजे किती, तर एका जिन्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यातली एक खोक्यांनी भरलेली. सॉफ्टवेअरबरोबर दुकानदाराला एक जाडजूड पुस्तक द्यायचं ठरलं. ते लिहिलं मास्तरांनी. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवत, त्यामुळे पुस्तकात प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा समजावलेली होती आणि दर प्रकरणाच्या शेवटी सरावाला उदाहरणं होती. दुकानदार ती सोडवतील अशी आशा जगात एकट्या मास्तरांना होती.

कव्हरसाठी थोरल्या मालकांनी काकांना बोलावलं. काका तोवर बिस्किटांचे पुडे, वह्यांची कव्हरं, खोकल्याच्या औषधाची लेबलं असली कामं करायचे. मालक म्हणाले, "काहीतरी कॉम्प्युटरचं काढा." आता काकांची पंचाईत अशी, की समोर नसलेली वस्तू त्यांना काढता येत नसे. मनाने म्हणून त्यांना साधी लिंबाची फोडसुद्धा जमायची नाही. बिस्किटाच्या पुड्यासाठी आधी बिस्किटं आणावी लागत, आणि चित्र होईपर्यंत ती उरत नसत, ही गोष्ट वेगळी. तेव्हा त्यांनी मालकांकडून एक जुना कीबोर्ड मागून घेतला, पिशवीत घालून घरी आणला आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. कीबोर्ड त्यांच्याकडे बघत बसला. दोघांनाही काही सुचेना.

शेवटी काकू फडकं घेऊन आल्या. "किती धूळ आहे हो यावर," म्हणत त्यांनी तो पुसला आणि पुसता पुसता फडकं बाजूला पडलं. लग्नाआधी काकू एका कचेरीत टायपिस्ट होत्या. त्यांची बोटं माहेरी आल्यासारखी आपापल्या जागी जाऊन बसली.

"थांब. हलू नकोस," काका म्हणाले.

"अहो, गॅसवर दूध आहे."

"जाऊ दे दूध."

दूध उतू गेलं आणि चित्र झालं. लांबसडक बोटं, सरळ, नखं कापलेली, उगाच नाजूकपणाचा आव नाही. काम करणाऱ्या बाईचे हात, पण बघत राहावं असे. थोरल्या मालकांनी चित्र डोळ्यांसमोर धरलं, लांब धरलं आणि म्हणाले, "छान आहे. पण बोट नुसतं ठेवून काय उपयोग? कामाच्या बटणावर ठेवा की." मालक व्यवहारी माणूस. त्यांच्या त्या एका वाक्याने पुढची सगळी वर्षं एक रीत पडून गेली. आवृत्तीत जी नवी सोय आली असेल, तिचं बटण कव्हरवरच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली.

ही रीत दुकानदारांनी बरोबर हेरली. पुस्तक उघडायची कुणाला हौस? ते काउंटरवर भिंतीला टेकवून ठेवायचं आणि बोट कुठे आहे ते बघून बटण दाबायचं. कंपनीतल्या फोनवाल्या ताई तर फोनवर चक्क सांगायच्या, "पुस्तक समोर आहे ना? उघडू नका. वरचं बोट बघा." हे ऐकलं की मास्तर खुर्ची मागे सारून जिन्यात जाऊन उभे राहायचे.

काकूंना मिरवायची आवड नव्हती. पण एकदा त्या साबण आणायला गेल्या, तर वजनकाट्याशेजारी दुसरी आवृत्ती उभी. काकूंनी मुद्दाम आपला हात पुस्तकाच्या बाजूला काउंटरवर टेकवला आणि साबण मिळाला तरी काढला नाही. दुकानदाराचं लक्षच नाही. तो म्हणाला, "आणखी काही?" घरी येऊन काकूंनी काकांना हे सांगितलं आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर त्या कुठेही गेल्या तरी आधी काउंटरकडे बघायच्या. एवढंच काय ते त्यांचं मिरवणं.

दर आवृत्तीला नवा कीबोर्ड यायचा, काकू टेबलाशी बसायच्या, बोलत राहायच्या, काका हं हं करत राहायचे आणि एकदा तरी ब्रश पाण्याऐवजी चहात बुडवायचे. असं करत पाचवी आवृत्ती आली आणि घोटाळा झाला.

पाचव्या आवृत्तीत उरलेल्या मालाची यादी काढायची सोय होती. तिचं बटण एफ सात. शेजारचं एफ आठ म्हणजे वर्षअखेर, सगळा हिशोब बंद करून नवं वर्ष सुरू करायचं. पुस्तकं गेली आणि भर उन्हाळ्यात दुकानादुकानांतून वर्ष संपायला लागलं. फोनवाल्या ताईंना पाणी प्यायला उसंत मिळेना. "अहो, पण आठ कशाला दाबलं?" असं विचारलं की जो तो एकच सांगे: "बोट तिथेच आहे ना."

ऑफिसात कव्हर टेबलावर ठेवून सगळे त्यावर वाकले. बोट खरंच आठवर होतं. पुरतं नाही, पण सातवरून घसरून आठच्या कडेवर. धाकट्या मालकांनी नुकताच कारभार हातात घेतला होता. ते म्हणाले, "काका, हे असं कसं?" मास्तर म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," आणि इतक्या वर्षांनी का होईना, त्यांना जरा बरं वाटलं. काकांनी मान खाली घातली आणि घरी येऊन सगळा राग काकूंवर काढला.

"बोट नीट ठेवायला काय झालं होतं तुला?"

"ठेवलं होतं की हो."

"कुठे ठेवलं होतं? बघ हे. आठवर आहे."

काकूंनी कव्हर हातात घेतलं, निरखून बघितलं. "मला तर सातवरच वाटत होतं," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "चुकलं असेल माझं."

बटण कुठलं यावर ऑफिसात आठवडाभर चर्चा झाली. बोट असं का पडलं, हे कुणी विचारलं नाही. काकांनीही नाही. पुढच्या, सहाव्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी आधी बटण काढलं, मग त्याच्यावर बोट सरळ आणून टेकवलं. काकू समोर बसल्या होत्या, पण काकांनी त्या दिवशी समोर पाहिलं ते बटणापुरतंच. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मनाने काहीतरी काढलं. कुणाचाही फोन आला नाही, सगळे खूश झाले.

मग काकूंच्या हातून बरणीचं झाकण उघडेना. ओला टॉवेल पिळता येईना. सकाळी उठल्या की बोटं आखडलेली, ती उघडायलाच तासभर जायचा. लग्न होऊन दूर गेलेली मुलगी फोनवर म्हणाली, "आई, आता अंगावर काढू नकोस." तेव्हा दोघं डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरांनी हात उलटे करून, सुलटे करून पाहिले. संधिवाताचा हा वाईट प्रकार आहे म्हणाल्या. "कधीपासून आहे?"

"झाले असतील काही महिने," काकू म्हणाल्या.

 घरी आल्यावर काकांनी कपाट उघडून सहाही कव्हरं काढली आणि पलंगावर ओळीने मांडली. उभ्याने बघत राहिले. मग खाली बसले.

पुढच्या खेपेला त्यांनी ती कव्हरं डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी औषधांचे डबे बाजूला सारून टेबलावर जागा केली. पहिलं, दुसरं, तिसरं कव्हर त्यांनी नुसतं पाहिलं. चौथ्यावर बोट ठेवलं. "इथे सांध्यांवर सूज आहे. ही तुम्ही काढलीत?"

"दिसलं ते काढलं."

"आणि या पाचव्यात बोटं करंगळीकडे कलायला लागलीत. अशीच कलतात ती या आजारात." सहाव्याकडे बघून त्या थांबल्या. "यात एकदम बरी कशी झाली?"

"ती मी सरळ केली," काका म्हणाले.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या. त्यांनी लगेच काही म्हटलं नाही. पण काकांनीच विचारलं, चौथ्याच्या वेळी आलो असतो तर? तेव्हा त्या म्हणाल्या, "तर औषधाला वाव होता. निदान इतकी वाकली नसती." आणि मग, जणू त्यांना स्वतःलाच नवल वाटलं म्हणून, "म्हणजे तुम्हाला आमच्याही आधी दिसलं होतं."

"दिसलं होतं हो," काका म्हणाले. "कळलं नव्हतं."

काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर काय म्हणाल्या ते त्यांनी विचारलं. काका म्हणाले, गोळ्या बदलल्यात. त्या गोळ्यांनी दुखणं थोडं उतरलं, पण बोटं जिथे गेली होती तिथून परत आली नाहीत. तेल झालं, गरम पाणी झालं, कुणी कुणी सांगितलेले नाना उपाय झाले. काका रोज सकाळी काकूंचं एकेक बोट आपल्या हातात घेऊन शेकत, आणि रोज आतल्या आत त्यांच्यावर ओरडल्याचा तो दिवस आठवत. काकूंपुढे मात्र तो विषय त्यांनी काढला नाही. काढून त्यांना काय मिळणार होतं?

तर आता सातवी. कीबोर्ड टेबलावर आला, काकू समोर येऊन बसल्या. नवं बटण एफ नऊ होतं. काकूंनी उजवं बोट त्यावर न्यायचा प्रयत्न केला. ते बाजूला गेलं. पुन्हा नेलं, पुन्हा गेलं. काकांनी उठून ते बोट हलकेच धरलं आणि बटणावर टेकवलं. हात सोडला की बोट निघालं. काकांना वाटलं, ब्रश खाली ठेवावा आणि सांगून टाकावं की नाही जमत, दुसऱ्या कुणाला बघा. त्यांनी अगदी हात टेकले होते.

"अहो, मी घरी बटणं कशी दाबते?" काकू म्हणाल्या.

"कशी?"

काकूंनी मूठ अर्धी मिटली आणि बोटाचं मधलं पेर बटणावर ठेवलं. पेर तिथे बरोबर बसलं, हललं नाही. "फोन अशीच लावते. लिफ्टचं बटण अशीच दाबते. दाबलं जातं ना? मग असंच काढा. आहेत तसे काढा."

काकांनी काढले. बरेच दिवस लागले, कारण काकूंना फार वेळ बसवत नव्हतं. सुजलेले सांधे, ताणलेली चकाकती कातडी, एकमेकांवर चढलेली बोटं, आणि बटणावर नेमकं टेकलेलं ते पेर. कुठेही लपवाछपवी नाही, कुठेही रडगाणं नाही. चित्र पुरं झालं तेव्हा काकूंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "माझेच आहेत." काकांना आयुष्यात कुणी दिलेली ती सगळ्यात मोठी पावती होती. आपल्या हातून एक तरी खरं चित्र झालं असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

चित्र गुंडाळून ते जिना चढले. ऑफिसात ते उलगडल्यावर सगळे भोवती जमले. फोनवाल्या ताईंनी डोळे पुसले. मास्तरांनी चष्मा काढून पुन्हा घातला आणि म्हणाले, "काका, हे मोठं काम झालं." धाकटे मालक चित्रावर वाकले. माणूस वाईट नव्हता. 

"चित्र एक नंबर आहे, काका. पण कव्हरवर कसं लावू? दुकानदार म्हणेल, यांचं सॉफ्टवेअर वापरून हातांची ही गत होते का?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.  मालक पुढे म्हणाले, "हवं तर ताईंचे हात काढा. नाहीतर यंदा हात नकोच, नुसता कीबोर्ड टाकू."

"नाही," काका म्हणाले. आवाज जरा चढला. "शेवटचं पुस्तक आहे. हात तिचेच पाहिजेत."

"काकूंचेच राहतील की," मालकांना एकदम मार्ग सापडला. "हेच चित्र ठेवू. फक्त थोडे सरळ करून घेऊ."

काकांनी स्वतःच मागितलं आणि स्वतःच अडकले. नाही कशाला म्हणायचं आता? धाकट्या मालकांची बायको ऑफिसातलं पडद्यावरचं सजावटीचं काम बघायची. सगळे तिला सूनबाई म्हणत. तिने चित्र यंत्रात घालून पडद्यावर आणलं, काकांसाठी शेजारी खुर्ची ओढली, चहा मागवला. "काका, तुम्ही सांगाल तसंच करते," ती म्हणाली, आणि खरोखर तसंच करायला बसली.

पहिल्यांदा तिने पेराजवळची सूज जरा दाबली. काकांनी नजर दुसरीकडे वळवली. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, पंखा बघितला. मग तिने विचारलं, "एवढं पुरे?" तेव्हा त्यांना बघावंच लागलं. आणि बघितलं तर चुकलेलं दिसलं.

"सावली राहिली," ते म्हणाले. "सूज गेली, मग तिची सावली कशाला?"

तिने सावली काढली. काका खुर्ची पुढे सरकवून बसले. "हे बोट अजून डावीकडे. नाही, एवढं नाही, तिचं बोट इथे किंचित बारीक आहे. हां. आता मूठ उघड. करंगळी आत घे." चाळीस वर्षं रंगकाम केलेला माणूस. चूक दिसली की सुधारायची, एवढंच त्याला येत होतं. सूनबाई ओढत गेली, काका सांगत गेले. एकेक सांधा खाली बसत गेला, एकेक बोट आपल्या जागी परत आलं, आणि पहिलं बोट उघडून एफ नऊवर जाऊन टेकलं. पडद्यावर काकूंचे हात होते. फडकं टाकून कीबोर्डवर बसलेले तेच ते हात.

काकांचे डोळे भरून आले, आणि ते दुःखाने नव्हे, आनंदाने. गोळ्यांना जे जमलं नाही, तेलाला, गरम पाण्याला जमलं नाही, ते इथे चहा निवायच्या आत झालं होतं. "असेच," ते म्हणाले. "अगदी असेच होते."

"ठीक आहे ना, काका?"

"ठीक आहे."

जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती. मालकांनी थोडेच सरळ करा म्हटलं होतं. बाकीचं सगळं आपण करवून घेतलं. परत वर जाऊन नको म्हणावं असं त्यांच्या मनात आलं. पण नको म्हणून पुढे काय? ते कठडा धरून थोडा वेळ उभे राहिले आणि घरी गेले.

पुस्तक छापून आलं. काकांनी दोन दिवस प्रत पिशवीतच ठेवली. पार्सल आलं नाही म्हणावं, प्रती संपल्या म्हणावं, असं त्यांनी घोळवून पाहिलं. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी त्यांना आशा होती की तिला आवडेल. आपले पूर्वीचे हात बघून कुणाला बरं वाटणार नाही? तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पुस्तक काढलं. काकूंना ते पेलवणार नव्हतं, म्हणून टेबलावर त्यांच्यापुढे ठेवलं.

काकू बघत राहिल्या. रंग बघितला, आकडा बघितला, मग हात बघितले. मग आपला उजवा हात उचलून त्यांनी चित्रातल्या हाताशेजारी ठेवला, आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं. काकांनी तोंड उघडलं. दुकानदार, मालक, सावली, काय काय सांगायचं होतं त्यांना. 

"अहो," काकू म्हणाल्या, "यांना कुठल्या डॉक्टरने बरं केलं?"

थट्टाच होती ती. काकू अशा थट्टा नेहमी करायच्या, आणि काका हसणार म्हणून थोडं थांबायच्या. तशाच थांबल्या. काकांना हसू आलं नाही. काकूंनी चित्रावरचा हात काढून मांडीवर घेतला, दुसरा त्याच्यावर ठेवला.

"मला पण न्या ना त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज थट्टेचा राहिला नाही.

"नेतो," काका म्हणाले.